मोबिलायझेशनमधली माणसं

माझं इंग्रजी टेंडरच्या नोटिसा वाचून तयार झालं. साताऱ्यात एका सरकारी कंत्राटदाराच्या ऑफिसात मी पहिली चार वर्षं काढली, आणि तिथे दिवसभर समोर तेच: शॅल बी सबमिटेड, शॅल बी डीम्ड, इन ड्यू कोर्स. मराठी शाळेतून आलेल्या मला वाटलं, साहेब लोक असंच बोलत असणार. पुढे रियाधला आलो, एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगच्या टेबलावर बसलो, लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले. इंग्रजी मात्र तिथेच राहिलं. घरी पाणी आलं नाही तरी माझ्या तोंडून 'मॅटर इज अंडर प्रोसेस' निघायचं, आणि बायको म्हणायची, "प्रोसेस राहू द्या, टाकीवर चढा."

त्यातल्या त्यात एक शब्द माझा फार लाडका. मोबिलायझेशन. एका साइटवरची माणसं, यंत्रं, भांडीकुंडी उचलून दुसऱ्या साइटवर न्यायची आणि तिथलं काम उभं करायचं, त्याला आमच्या धंद्यात हे भारदस्त नाव आहे. हा शब्द ईमेलमध्ये टाकला की मला कोट घातल्यासारखं वाटायचं.

तर गेल्या डिसेंबरात कंपनीला तबूकला काम मिळालं. तबूक म्हणजे उत्तरेला, रियाधपासून तेराएकशे किलोमीटर. रियाधच्याच अल सुलै भागातल्या यार्डातली आमची सव्वीस माणसं जानेवारीत तिकडे हलवायची होती. प्लॅन मी करायचा. मी तीन संध्याकाळी बसून अठरा पानं लिहिली. रंगीत तक्ते काढले. मुखपृष्ठावर उंटाचा फोटो टाकला, तो बायकोने काढायला लावला.

आमची नवी प्रोजेक्ट मॅनेजर सौदी आहे, वय तिशीच्या आत, बाहेर शिकून आलेली. तिला आम्ही सगळे मॅडम म्हणतो. माझ्यापेक्षा ती वीस वर्षांनी लहान, पण तिच्यासमोर बसलं की मला शाळेत वही तपासायला दिल्यासारखं होतं. तिने अठरा पानं वाचली. सगळी. हे मला अपेक्षित नव्हतं, आमच्याकडे प्लॅन वाचायची पद्धत नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "यात मोबिलायझेशन भरपूर आहे. आता मला सांगा, पहिल्या रात्री ही माणसं जेवणार काय?"

"मॅडम, केटरिंग कोऑर्डिनेशन शॅल बी डन..."

"कोण करणार?"

"साइट टीम."

"साइट टीम म्हणजे कोण? त्या माणसाला मी आत्ता फोन करू शकते का?"

मी पान उलटलं. त्याच्या मागेही एक तक्ता होता. त्यातही कोणी नव्हतं.

मॅडम चिडली नाही, तेच वाईट. ती शांतपणे म्हणाली, "तय्यिब," म्हणजे बरं. "पुढच्या रविवारपर्यंत नीट करून आणा. नाही जमलं तर हरकत नाही, तुम्ही स्वतः तबूकला जाऊन राहा आणि तिथे बसून नीट करा. सहा महिने लागतील, लागू देत."

सहा महिने! माझी मुलगी दहावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. आता, मी घरी असल्याने तिच्या अभ्यासात काय भर पडते, हा प्रश्न बायकोने विचारलाच. पण आमचा एक नेम होता. रोज संध्याकाळी ती मला समाजशास्त्राचे धडे मोठ्याने म्हणून दाखवायची आणि मी पुस्तक हातात धरून ऐकायचो. मधेमधे माझा डोळा लागायचा. मुलगी म्हणायची, मी झोपलो की तिला आपलं उत्तर बरोबर आल्याचं कळतं, चूक असलं तर मी दचकून उठतो. हा नेम मोडून मी तबूकला एकटा डाळ शिजवत बसणार, आणि ती पेपरला जाणार?

त्या रात्री जेवताना मी प्लॅन मुलीच्या हातात दिला. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, म्हणजे ती इंग्रजीत भांडू शकते. पेन्सिल कानाला लावून तिने पाच पानं वाचली.

"चुका काढल्यास का गं?"

"नो मिस्टेक्स, बाबा. ग्रामर इज फाइन."

"मग?"

"यू नो, सगळं करेक्ट आहे. बट इसमें कुछ होता ही नहीं. कोई कुछ करता ही नहीं." ती अशीच बोलते, एका वाक्यात तीन देश. "एवढं सगळं मोबिलायझेशन, पण एक पण माणूस बसमध्ये चढत नाही."

बायको भाकरी वाढत होती. ती इथल्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. महिन्याच्या शेवटी ती जेवणाच्या टेबलावर ड्यूटी लिस्ट करते: एक आखलेला कागद, पेन्सिल, खोडरबर, आणि कानाला फोन. मल्याळी सिस्टरशी अर्धं मल्याळम, फिलिपिनो सिस्टरशी इंग्रजी, आमच्या सोलापूरच्या सिस्टरशी शुद्ध आरडाओरडा. बावीस जणींची महिनाभराची पाळी ती दोन तासांत लावते आणि महिनाभर कोणाची तक्रार येत नाही. मी अनेकदा तिला म्हटलं होतं, अगं हे एक्सेलमध्ये कर, प्रोफेशनल दिसेल. ती म्हणायची, दिसू दे की नको दिसू दे, पेशंटला सलाईन वेळेवर लागतंय ना.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही त्या माणसांना विचारलंत का?"

"काय विचारायचं? लिस्ट आहे माझ्याकडे. नाव, हुद्दा, इकामा नंबर." इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना.

"इकाम्यावर कोणाचं कोणाशी पटत नाही ते लिहिलेलं असतं का?"

तिने ड्यूटी लिस्टच्याच एका जुन्या कागदाच्या पाठीवर तीन प्रश्न लिहून दिले. तुझी अडचण काय? कोणाबरोबर राहायला नको? काय नसलं तर तुझं चालणार नाही? "हे विचारा," ती म्हणाली, "आणि चहा देतील तो प्या. घाईत आलोय म्हणू नका."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी अल सुलैला गेलो. गोदामांच्या रांगांच्या मागे आमच्या लोकांचा कॅम्प आहे. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी तिथे दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा गाडीतून उतरलो नव्हतो. मला पाहून पोरं घाबरली. एक जण म्हणाला, "साहब, कोई मर गया क्या?"

आमचा फोरमन पंजाबी आहे, साठीकडे झुकलेला, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याने खुर्ची आणली, तीही पुसून. मी कागद काढला आणि पहिला प्रश्न अशा आवाजात विचारला की समोरचा माणूस वकील बोलावेल. उस्ताद म्हणाला, "साहब, पहले चाय. पूछताछ बाद में."

चहा झाल्यावर तोंडं उघडली, आणि मग मिटेनात.

माझ्या प्लॅनमध्ये मी खोल्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून लावल्या होत्या. फार सुबक दिसत होतं ते. त्यामुळे दोन इलेक्ट्रिशियन एका खोलीत आले होते, आणि ते दोघे चार महिन्यांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण इथल्या सामाईक खोलीतल्या एसीवरून. एकाला सोळावर लागतो, दुसऱ्याला सव्वीसवर. दोघेही एसीचेच मेकॅनिक, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची झोप लागली की उठून वायर ओढायचा. बांगलादेशी प्लंबरने रंगाच्या डब्यात पुदिना आणि कोथिंबीर लावली होती. त्याला खिडकीची खोली हवी होती. बाकी काही नको, पगारवाढ पण नको म्हणाला, ते मी मुद्दाम लिहून घेतलं. एका नेपाळी लोडरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दर पंधरा दिवसांनी त्याला रियाधच्याच डॉक्टरकडे जायचं होतं, आणि हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की तबूकला जानेवारीत पाणी गोठतं. माझ्या प्लॅनमध्ये प्रत्येकी एक चादर होती.

तेवढ्यात मागच्या शेडमधून एक म्हातारा आला. लुंगी, वर बनियन, हातात झारा. त्याने मला नीट न्याहाळलं आणि मराठीत विचारलं, "तुमीच काय ते मोबिलायझेशनवाले?"

मी उडालोच. हा खेडजवळचा कोकणी मुसलमान, सगळे त्याला मामू म्हणतात. सतरा वर्षं तो या कॅम्पात स्वयंपाक करतो. आणि मी सतरा वर्षं त्याचा इकामा दरवर्षी नूतनीकरणाला पाठवतो, पण त्यावर हुद्दा लिहिलाय लोडर. आला तेव्हा लोडर म्हणूनच आला होता. दोन दिवस पोती उचलली, तिसऱ्या दिवशी आचारी पळून गेला म्हणून कढई हातात आली ती आलीच. ऑफिसच्या कागदावर मात्र तो अजून पोती उचलत होता.

"बसा ना मामू," मी म्हटलं.

"बसतो कसला. माजा नाव लिस्टीत नाय असा ऐकला. खरा काय?"

खरं होतं. यार्डात सत्तावीस माणसं होती आणि तबूकसाठी मंजूर सव्वीस. लोडर पाच, हवे चार. पाचातला वयाने मोठा कोण ते मी पाहिलं आणि एका क्लिकने 'सरप्लस' करून टाकला.

उस्ताद पोट धरून हसत सुटला. "साहब, आपने तो चूल्हा ही काट दिया! छब्बीस आदमी भेज रहे हो, और छब्बीस का पेट यहाँ छोड़ रहे हो?"

"माका काय," मामू झारा हलवत म्हणाला, "मी हितं राहीन सुखानं. यांचा काय होल? तो मद्रासी सांबाराशिवाय कामाला जाईत नाय. पठाणाला रोटी लागते हातभर. आणि त्या दोघांचा भांडन झाला की दोघांना माज्याच ताटात बसवून खायला घालतंय. तुमी घालाल काय?"

मी नाही म्हटलं. मला वरणभात येतो, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजून.

संध्याकाळपर्यंत माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला. नेपाळी लोडर रियाधला राहणार, त्याच्या जागी मामू जाणार. उस्ताद म्हणाला, खरे लोडर तीनच जातील, कागदावरचा चौथा कायम चुलीवरच होता, पण तेवढ्यांत भागेल. एसीवाल्यांच्या खोल्या दोन टोकांना. पुदिन्याला खिडकी. रजया जाड, प्रत्येकी दोन. आणि बस पहाटेच निघायची, कारण वाटेवरच्या बुरैदा गावापुढे जेवायला थांबायचं ठिकाण मामूला माहीत होतं, आणि मामूच्या माहितीबाहेर जेवायला कोणी तयार नव्हतं.

एक गाठ तेवढी राहिली. तिथे पहिल्या दिवसांत कोणीतरी जबाबदार माणूस लागणार होता. खोल्या लावून देणारा, पाणी-वीज बघणारा, भांडणात मधे पडणारा. उस्ताद हाच तो माणूस. पण त्याला अल सुलैचं यार्ड रिकामं करून मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं. "तीन हफ्ते, साहब. उससे पहले हिला तो यहाँ से आधा लोहा गायब हो जाएगा."

शनिवारी मी नवा प्लॅन लिहिला. मुलगी शेजारी बसून होती आणि 'शॅल' दिसला की टेबलावर बोट आपटायची. चार पानं झाली. प्रत्येक ओळीत आधी माणूस, मग तो काय करणार, मग कधी. "मामू कुक्स डिनर ऑन द फर्स्ट नाइट." मला हे लिहिताना लाज वाटली, पहिलीतल्या पुस्तकासारखं. मुलगी म्हणाली, "बाबा, फायनली समबडी इज डूइंग समथिंग." बायकोने वाचलं, आणि रजयांच्या पुढे 'प्रत्येकी दोन' खाली पेन्सिलीने लिहिलं, कोण आणणार? मी लिहिलं, स्टोअरचा माणूस, मंगळवारी.

आता खरं सांगतो. शेवटच्या ओळीत, 'पहिले तीन आठवडे साइटवर कोण' या प्रश्नापुढे, मी लिहिलं होतं: टू बी कोऑर्डिनेटेड. ती ओळ मी मुलगी पाणी प्यायला उठली तेव्हा घातली. जुन्या मित्राला एकदम तोडता येत नाही.

रविवारी मॅडमने चार पानं वाचली. एसीवाल्यांपाशी ती मोठ्याने हसली, ती हसते हे मला प्रथमच कळलं. मामूच्या ओळीपाशी थांबली. "सतरा वर्षं स्वयंपाक करतो आणि कागदावर लोडर? आणि हे कागद कोण पाठवतं?"

"मी, मॅडम."

"हे आधी दुरुस्त करा. या आठवड्यात." मी मान हलवली. मग तिचं बोट खाली सरकत सरकत त्या शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

मला वाचवणारी बरीच वाक्यं माझ्या तोंडात होती. त्यातलं एकही त्या बोटाखाली बसेना. कारण उत्तर मला शुक्रवारीच माहीत झालं होतं. कोणाला सोळा लागतो, कोणाला सव्वीस, कोणाला खिडकी, हे माहीत असलेला उस्तादशिवाय दुसरा एकच माणूस कंपनीत उरला होता. आणि तो गाडीतून उतरून चहा प्यायलेला होता, हीच त्याची चूक.

"मी," मी म्हटलं. "मी जातो."

"किती दिवस?"

"एकवीस. मग फोरमन येईल. त्यापुढे मला राहता येणार नाही, मॅडम. मुलीची बोर्डाची परीक्षा आहे फेब्रुवारीत."

"हे तुम्ही मागच्या रविवारी का नाही सांगितलं?"

तिने त्या ओळीवर पेनाने रेघ मारली, वर माझं नाव आणि 'एकवीस दिवस' लिहिलं, आणि खाली सही केली. "यल्ला, कामाला लागा."

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "सहा महिने टळावेत म्हणून आठवडाभर धावपळ केलीत, आणि तीन आठवडे स्वतःच्या तोंडाने मागून आलात?"

"अगं, दुसरं कोणी नव्हतं."

"हं," ती म्हणाली. मग कपाटातून माझं जाड स्वेटर काढलं, त्याला लागलेली कसर बघितली आणि ते मामूच्या सामानाबरोबर नको, हातात न्या म्हणाली. तिच्या भाषेत हे कौतुक असतं. मुलगी पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "अँड माय सोशल सायन्स?"

जानेवारीत पहाटे फज्रची नमाज आटोपून आम्ही निघालो. बुरैदाला खजूर घेतले, मामूच्या ठिकाणी जेवलो, रात्री इशाची नमाज उलटून गेल्यावर तबूकला पोचलो. थंडी अशी, की दोन रजयांसाठी मी मनातल्या मनात बायकोचे पाय धरले. मामूने तासाभरात डाळ-भात-बटाटा उतरवला. सोळावाला इलेक्ट्रिशियन त्या थंडीत सव्वीसवाल्याच्या खोलीत हीटरपाशी जाऊन बसला आणि दोघे बोलायला लागले, त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

समाजशास्त्राचं असं झालं की रोज संध्याकाळी मी मेसमध्ये व्हिडिओ कॉल लावायचो, कारण नेट तिथेच चालायचं. मुलगी धडे म्हणायची, मी पुस्तक धरायचो. पहिल्या दिवशी मागे दोन डोकी होती, आठवड्याने पंधरा. तिने एखादी नदी चुकवली की पठाण 'च्च' करायचा. माझा डोळा लागला तर मामू झाऱ्याने टोचून उठवायचा आणि फोनमध्ये बघून म्हणायचा, "बोल गो बाय, पुडचा बोल, बापूस जागा झाला." मुलगी आधी लाजायची. मग एक दिवस मी कामात अडकलो तर तिने थेट विचारलं, "बाबा नसतील तर मामूला द्या ना फोन."

उस्ताद एकविसाव्या दिवशी आला नाही, यार्डाच्या मालकाने चावी घ्यायला उशीर केला. चोविसाव्या दिवशी आला. त्याच संध्याकाळी मी विमानाने घरी.

परीक्षेच्या सकाळी मी तिला सेंटरवर सोडायला गेलो. गाडीत मी तोंड उघडलं तसं ती म्हणाली, "बाबा, प्लीज, नो स्पीच." मी बंद केलं. पेपर सुटेपर्यंत बाहेर इतर बापांबरोबर उभा राहिलो. सगळेच उगाच मोबाइल बघत होते. समाजशास्त्राच्या पेपरला तर सुटायच्या आधीच माझा फोन वाजला. मामू. स्पीकरवर, मागे अख्खी मेस.

"कसा गेला पेपर?"

"अजून बाहेर आली नाही, मामू."

"मंग फोन ठेवू नका. आमी हाव हितं."

ती आली. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावरून काही कळेना. मी फोन पुढे धरला. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा! किती लोकांना सांगितलंय तुम्ही?"

"सव्वीस."

पलीकडून मामू ओरडला, "सत्तावीस! नवीन गवंडी आलाय!"

तिने कपाळावर हात मारला. मग फोन माझ्या हातातून काढून घेतला, इतर मुलांपासून चार पावलं लांब गेली, आणि भिंतीकडे तोंड करून, तिला येतं तेवढ्या मराठीत, पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागली.